झाकण लावल्यावर आत काय चाललंय?

मटण शिजलं की नाही हे आई बोटांनी ओळखते. एक फोड वाटीत काढायची, अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून वाटीच्या कडेला हलकेच दाबायची. धागे सुटले की झालं. कोल्हापूरच्या आमच्या घरात पन्नास वर्षं ही एकच परीक्षा चालत आली आहे आणि रश्श्यातल्या मटणाला ती पुरते. पण इथे अमेरिकेत डेन्व्हरजवळ मागच्या अंगणात, वेबरच्या गोल शेगडीवर पावणेतीन किलोची अख्खी मांडी झाकणाखाली भाजत असते, तेव्हा फोड कुठून काढणार?

मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. जूनमधल्या एका रविवारी नऊ जण जेवायला यायचे होते. दही, आलं-लसूण आणि घरून आलेला कांदा-लसूण मसाला लावून मांडी रात्रभर मुरवली होती. मांसात खोचून आतलं तापमान फोनवर दाखवणारी सळई, म्हणजे वायरलेस प्रोब, नवा होता. मी तो खोचला, निखारे एका बाजूला सारले, झाकण लावलं आणि फोन हातात घेऊन आत येऊन बसलो. दहाव्या मिनिटाला संपर्क तुटला. शेगडीजवळ गेलो की जुळायचा, स्वयंपाकघरात आलो की तुटायचा. मग दर पंधरा मिनिटांनी झाकण उघडत राहिलो. प्रत्येक वेळी आतली धग निघून जायची आणि वेळ लांबत जायची. शेवटी अंदाजानेच उतरवलं. कापलं तर बाहेरून सुरेख भाजलेलं, पण हाडाजवळ मांस थंडगार आणि जांभळट. आई काही बोलली नाही. तिने फक्त ताटातला तुकडा कडेला सारला, आणि ते मला फार लागलं.

त्यानंतर दोन महिने मी या विषयात शिरलो.

मूळ अडचण अशी की बहुतेक वायरलेस प्रोब ब्लूटूथवर चालतात, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात काम करतो, आणि या लहरी पाणी चांगल्या शोषून घेते. आणि मांस म्हणजे मुख्यतः पाणीच. इवलासा अँटेना आधीच मांसाला चिकटून बसलेला, त्यावर पोलादी झाकण आणि पुढे घराची भिंत. खोक्यावर छापलेला पल्ला मोकळ्या मैदानातला असतो. झाकणाखालचा पल्ला वेगळा, आणि आपल्याला कामाचा तोच. १ गिगाहर्ट्झच्या खालच्या लहरी लांब असतात, पाण्यात कमी जिरतात, आडोशातून जास्त दूर पोचतात. म्हणून मी युटामधल्या थर्मोवर्क्स कंपनीचा आरएफएक्स घेतला. त्याचा प्रोब या खालच्या पट्ट्यात बोलतो, घरातला छोटा गेटवे ते ऐकतो आणि वायफायवरून फोनला कळवतो. माझा एक मित्र इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो आणि घरातल्या ओव्हनमध्येच भाजतो. त्याला मात्र मी कम्बश्चन कंपनीचा प्रोब घ्यायला सांगितलं. त्यात टोकापासून मुठीपर्यंत आठ सेन्सर आहेत आणि त्यातला सगळ्यात थंड बिंदू तो स्वतःच शोधतो, त्यामुळे खोचताना थोडं चुकलं तरी निभावतं. शिवाय त्याचा स्वतंत्र डिस्प्ले आहे, फोन नसला तरी चालतो.

अॅपमधली रंगीत चित्रं आणि पाककृती यांच्याकडे बघून पैसे टाकू नका. तीन वापरांनंतर त्या कुणी उघडत नाही.

खोचण्याची खोली मात्र नीट बघा. या प्रोबच्या पोटातच बॅटरी आणि सर्किट असतं. मांसातला ओलावा त्यांना थंड राखतो, म्हणून अंगावरच्या खुणेपर्यंत प्रोब मांसात जायलाच हवा. चापा किंवा कोंबडीचे छोटे तुकडे यांच्यासाठी हे साधन नाहीच. तिथे क्षणात आकडा दाखवणारा, हातात धरायचा थर्मामीटर बरा. बाहेर राहिलेली मूठ थेट निखाऱ्यांवर येऊ द्यायची नाही. टोक हाडाला टेकवायचं नाही, कारण हाडाजवळचा आकडा मांसाचा आकडा नव्हे. आणि मुठीतला सेन्सर भट्टीचं म्हणून जे तापमान दाखवतो, ते थंड मांसाला लागून असलेल्या हवेचं असतं, म्हणून नेहमी कमीच येतं.

नवा प्रोब आला तेव्हा आईनेच तपासून घ्यायला लावला. "ताप बघायचा थर्मामीटरसुद्धा आपण झटकून बघतोय की!" ग्लासभर बर्फाचा चुरा, त्यात जेमतेम बुडेल इतकं पाणी, जरा ढवळून प्रोब मधोमध धरला. ० आलं. मग उकळत्या पाण्यात धरला तर ९५! आईला वाटलं बिघडलाय. बिघडला नव्हता. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवर आहे आणि इथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. आल्यापासून उघड्या पातेल्यातली डाळ शिजत का नाही, या तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी मिळालं. पुढे तिने डाळ कुकरलाच लावली.

आकडे मी फ्रीजवर लावून ठेवलेत. अमेरिकेच्या कृषी खात्याप्रमाणे मटणाच्या अख्ख्या तुकड्याला ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विसावा, खिम्याच्या कबाबाला ७१, कोंबडीला ७४. मोठी मांडी शेगडीवरून काढल्यावरही आत चार-पाच अंश चढते, म्हणून मी ती ५८ला उतरवतो आणि ६३ दिसल्याशिवाय सुरी लावत नाही. पण ६३ला मटण आतून गुलाबी असतं, आणि आई-बाबांना ते कच्चंच. मग त्यांच्यासाठी खांदा घेतला. हाडाजवळच्या चिवट पडद्यांचा पार लगदा व्हायला ९० अंशांच्या पुढे जावं लागतं, तेही सावकाश. पपई मात्र लावली नाही. तिच्यातला पाचक रस साठ-सत्तर अंशांलाच सगळ्यात जोरात काम करतो, आणि इतका वेळ त्या टप्प्यात राहिलं तर मांसाचं पीठ होतं.

सकाळी नऊला खांदा चढवला. दुपारी ७० अंशांवर आकडा जो थांबला तो पाऊण तास हलेना. अॅप वेळ पुढे ढकलत होतं. आई तिसऱ्यांदा विचारायला आली तेव्हा मी तिला माठाची आठवण दिली. पाझरणारं पाणी वाळतं आणि माठ गार राहतो, तसंच मांस घाम गाळतंय. निखारे जेवढी ऊब देतात तेवढी तो घाम घेऊन जातो. "मग गुंडाळ की फडक्यात," ती म्हणाली. फडक्याऐवजी फॉइलमध्ये गुंडाळलं आणि आकडा पुन्हा चढायला लागला. सबंध दिवसात झाकण तेवढं एकदाच उघडलं.

संध्याकाळी साडेचारला ९३ झालं. अर्धा तास झाकून ठेवलं. मग आईने एक फोड वाटीत घेतली आणि कडेला दाबली. धागे सुटले, हाड हातात आलं. तिने बाबांना वाढलं, स्वतः घेतलं आणि रश्श्याशिवाय खाल्लं.

रात्री ती मसाल्याची वही घेऊन बसली होती. तिखट-धण्याच्या प्रमाणाखाली पेनाने लिहिलं होतं: खांदा, ९३, झाकण उघडू नये.