सोलापूर ते मालवण: होडी गाठायची असेल तर आधीच्या रात्रीच पोचा

सोलापूरकराला होडी म्हटलं की चंद्रभागाच आठवते. पंढरपूरला पैलतीरी जायचं, पाच-दहा मिनिटं वल्हं चालायचं आणि पाय वाळूवर. आईला समुद्र दाखवायचा म्हणून पौषात मालवणला निघालो, तेव्हा माझाही अंदाज तसाच होता. पोचलं की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत बसू.

पहाटे सहाला गाडी काढली. मंगळवेढ्याला शाळू कणसावर आलेला, दोन्ही अंगांना नुसता हिरवा. सांगोला, मिरज करत कोल्हापूरपर्यंत रस्ता चांगला आहे. खरा वेळ पुढे जातो. राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाटाने कणकवलीला उतरलो. वळणांनी आईला मळमळायला लागलं, दोनदा थांबलो. गगनबावड्याचाही रस्ता आहे, पण घाट चालू आहे का ते कोल्हापुरातच विचारून घ्या. एकूण चारशेच्या आसपास किलोमीटर. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोबत होती म्हणून जेवणाला वेळ गेला नाही, तरी मालवणच्या जेटीवर साडेतीन वाजले.

सिंधुदुर्ग समोर दिसत होता, अगदी हाकेच्या अंतरावर. पण सुकती म्हणजे ओहोटी लागलेली, खडकांची डोकी पाण्याबाहेर आलेली, त्यावर वायव्येचा वारा. होडीवाले काका पाण्याकडे बघत म्हणाले, "आता नको. फाल्यां सकाळी येवा." म्हणजे उद्या सकाळी या.

मी जरा हट्ट धरला. जास्त पैसेही देऊ केले. ते हलले नाहीत, आणि त्यांचंच बरोबर होतं. किल्ल्याकडची वाट खडकांमधून जाते. पाणी उतरलं की ती अरुंद होते आणि वारा होडीला आडवी ढकलतो. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते त्या जेटीवर कळले. दुपारी जमीन तापते आणि समुद्रावरून वारा सुटतो. रात्रीपासून सकाळपर्यंत तो जमिनीकडून हलका वाहतो आणि पाणी शांत असतं. त्यात अमावास्या दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाचे दिवस. अशा दिवसांत भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते.

म्हणून सांगतो, सोलापूरहून निघून त्याच दिवशी किल्ला करायचा बेत आखू नका. मुक्काम करा आणि सकाळची पहिली होडी धरा. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा जेटीवर आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवा. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि बंद लावून बसा. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा जून ते ऑगस्ट हा विचारच नको. ज्यांना मळमळतं त्यांना इंजिनापासून लांब, मध्यभागी बसवा. आणि गाडी वाळूत घालू नका. आमच्यासमोर एकाची चाकं रुतली, ती काढेपर्यंत अंधार पडला.

दुसऱ्या दिवशी आठला निघालो. पाणी भरत होतं, वारा नावालाच. आईने चंद्रभागेत घालतात तसं हळद-कुंकू पाण्यात सोडलं आणि हात जोडले. दहा-पंधरा मिनिटांत तटाखाली पोचलो. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. १६६४ मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर हे काम सुरू केलं. होडीवाले परतीसाठी साधारण तासाभराची वेळ देतात. तेवढ्यात सगळा तट फिरून होत नाही. आम्ही शिवराजेश्वराचं दर्शन घेतलं आणि थेट विहिरींकडे गेलो.

दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारा समुद्र आणि मध्ये गोडं पाणी. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आईचा जन्म हंडे-घागरी भरण्यात गेला. दूधबावीच्या काठावर ती कितीतरी वेळ वाकून आत बघत होती. होडीची वेळ झाली म्हणून मी हाक मारली, तेव्हा म्हणाली, "थांब रे जरा."