भट्टीच्या तोंडाशी बसण्याची पाळी
नाशिकमध्ये मातीकाम करणारी आम्ही काही मंडळी उन्हाळ्यात गंगापूरच्या बाजूला एका शेतात लाकडाची भट्टी लावतो. विजेच्या भट्टीत तापमान ठरवून बटण दाबले की माणूस घरी जाऊ शकतो. लाकडाची भट्टी १२८० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यायची असेल, तर तिच्या तोंडाशी दिवसरात्र कोणीतरी बसावेच लागते. म्हणून पाळ्या लावाव्या लागतात, आणि माझ्या मते भांड्यांचे बरेवाईट हातांच्या कसबाइतकेच या पाळ्यांवर ठरते.

पहिला टप्पा कंटाळवाणा असतो. वरून कोरड्या दिसणाऱ्या भांड्यातही पाणी असते आणि घाई केली तर त्याची वाफ होऊन भांडे फुटते, त्यामुळे बाभळीच्या एखाद-दुसऱ्या ओंडक्यावर सगळे चाललेले असते. खरा कस लागतो तो ११०० अंशांच्या पुढे. तापमापीचा आकडा तिथे अडतो आणि पाळीवरचा नवखा माणूस हमखास दोन्ही हातांनी लाकूड कोंबू लागतो. त्याने चुलाण्यात हवा कमी पडते, धुराड्यातून काळा लोट निघतो आणि आकडा चक्क खाली येतो. आमच्यातले एक काका, ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कुंभाराचा आवा लागत आला आहे, अशा वेळी शांतपणे म्हणतात, “ताई, आधीचं जळू द्या की.” धुराड्यावरची ज्वाळा आखडली आणि धूर विरळ झाला, की मगच पुढची लाकडे टाकायची, असा त्यांचा दंडक आहे. हवेची थोडी टंचाई मात्र हवीच असते. त्या टंचाईत तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड झिलईतल्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपातल्या, लोहाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि एरवी पिवळसर-तपकिरी दिसणारी झिलई करड्या हिरव्या रंगावर जाते.

शेवटच्या टप्प्यात आम्ही द्राक्षवेलींच्या छाटणीच्या काड्या वापरतो. ऑक्टोबर छाटणीच्या काड्या उन्हाळ्यापर्यंत खडखडीत वाळतात, टाकताक्षणी पेटतात आणि त्यांची लांब ज्वाळा पार मागच्या फळीपर्यंत पोहोचते. ज्वाळेबरोबर उडालेली राख भांड्यांच्या खांद्यावर बसते. तिच्यातला चुना आणि पोटॅश मातीतल्या सिलिकाशी मिळून वितळतात आणि त्यांची काच होते. गडद चष्मा लावून झरोक्यातून पाहिले, तर तापाच्या मापासाठी ठेवलेल्या, ठरावीक तापाला मऊ पडणाऱ्या शंकूचे टोक हळूहळू वाकताना दिसते आणि त्याच्यामागच्या सुरईवर ओली चमक आलेली असते. आपली काळी माती इतक्या तापात टिकत नाही, ती ओघळते. म्हणून भांड्यांची माती आम्ही बाहेरून विकत आणतो आणि काळ्या मातीचा पातळ लेप तेवढा देतो, जो भाजल्यावर काळपट तपकिरी होतो.

शंकू पडला की चुलाणे आणि झरोके चिखलाने लिंपून टाकतो. पुढे काही दिवस नुसते थांबायचे असते, कारण गार वारा शिरला तर तयार भांडेही तडकते.

राखेची काच बसते ती मुख्यतः आगीकडे तोंड असलेल्या भांड्यांवर, म्हणून पुढच्या ओळीसाठी दर वेळी वाद व्हायचे. मध्यरात्रीनंतरची पाळी घेणाऱ्यांची भांडी पुढे, हे आता आम्ही मांडणी सुरू करण्यापूर्वीच ठरवून टाकतो.