दोन बोटं नाडी

आमच्या नर्सिंग कॉलेजच्या मुली (वर्गात मुलगे तीनच, त्यामुळे तेही 'मुलीं'तच मोजले जातात) लॅबमधल्या पुतळ्याला इंजेक्शन देताना बघत राहावं. नव्वद अंशांत सुई झटकन आत, औषध सावकाश, सुई काढली की टोपण न लावता थेट हब कटरमध्ये, म्हणजे सुई कापणाऱ्या डब्यात. प्रोसिजर बुकात मी बिनधास्त सही करते.

परवा वाशीच्या हॉस्पिटलात मुलींचं पोस्टिंग होतं. फिमेल वॉर्डात एका मावशींना डायक्लोफेनॅक, म्हणजे दुखण्यावरचं इंजेक्शन, द्यायचं होतं. तीन मिली, म्हणजे दंडात टोचायचा प्रश्नच नाही. तिसऱ्या वर्षाची मुलगी म्हणाली, "मावशी, कुशीवर वळा हं." मावशी वळल्या आणि परकर दोन बोटं खाली सरकवला. नाडी तशीच बांधलेली. पोरीनं त्या दिसणाऱ्या पट्टीचेच मनात चार भाग केले आणि वरचा बाहेरचा कोपरा धरला. अगं, चार भाग अख्ख्या कुल्ल्याचे करायचे! पट्टीचा कोपरा कधी नुसत्या चरबीत जातो, कधी आत सरकतो. तिथे सायटिक नर्व्हला (कुल्ल्यातून पायात जाणाऱ्या मोठ्या नसेला) लागलं तर पाऊल उचलता येईनासं होऊ शकतं.

तिचा हात धरला. स्क्रीन ओढला (एक चाक अडकलेलं, दोघींनी उचलूनच आणला). नाडी सैल केली आणि बाजूची जागा दाखवली: रुग्णाची उजवी बाजू असेल तर आपला डावा हात, तळवा खुब्याच्या हाडावर, तर्जनी कमरेच्या पुढच्या टोकदार हाडावर, मधलं बोट मागे ताणायचं. दोन बोटांच्या बेचक्यात टोचायचं. तिथे मोठी नस नाही, मोठी रक्तवाहिनी नाही. १९५०च्या दशकापासून माहीत असलेली जागा, पण वॉर्डात कोण वापरतंय?

"मॅडम, माझे वीस पेशंट आहेत," सीनियर सिस्टर म्हणाल्या. त्यांचंही खरंच आहे. आणि मी तरी काय, पहिली दोन वर्षं असंच टोचलंय. नाडी सोडा म्हणायची लाज पेशंटपेक्षा मलाच जास्त वाटायची.

चेकलिस्टमध्ये कोनाला गुण आहेत, हात धुण्याला आहेत. नाडीला नाहीत. झेरॉक्सवर पेनानं एक ओळ वाढवली.

परतीच्या ठाणे लोकलमध्ये तीच मुलगी समोर उभी होती. रबाळे गेलं तरी कुर्त्यावरून स्वतःच्या खुब्याचं हाड चाचपत होती. शेजारच्या बाईंनी हळूच पर्स पोटाशी घेतली.