मनिला कोपलचं स्पिरिट पॉलिश : माझा अनुभव

चंद्रूस, म्हणजे पॉलिशसाठी वापरतात ती कोपल राळ, म्हणून बाजारात काहीही खपवतात. म्हणून मनिला कोपल घेताना मी आधी एक खडा स्पिरिटमध्ये, दुसरा टर्पेंटाइनमध्ये टाकून ठेवतो. टर्पेंटाइनमध्ये सहज विरघळला आणि स्पिरिट मात्र गढूळ झालं, तर ती डामर नावाची वेगळीच राळ. कोपलचं उलटं असतं.

ही राळ आगाथिस या झाडाची. झाड पाइनसारखंच शंकूधारी, पण पानं रुंद आणि चामड्यासारखी. फिलिपाइन्समध्ये त्याला अल्मासिगा म्हणतात. पालावान बेटावरचे तागबनुआ लोक सालीची अरुंद पट्टी काढतात, वाहून घट्ट झालेली राळ खरवडून घेतात आणि पट्टीची कड पुन्हा थोडी छाटतात. राळ सालीतच असते. लोभापायी घाव लाकडापर्यंत नेला, की झाड किडतं. तिकडे हीच राळ चूल पेटवायला, होडीच्या सांधी बुजवायला आणि डासांना धूर करायला वापरतात.

माझं प्रमाण : 250 ग्रॅम राळ, 750 मिली स्पिरिट. साल, माती चिकटलेले खडे आधी वेगळे काढायचे. राळ जाडसर कुटायची. पीठ केलं तर ते बरणीच्या तळाशी चिकट गोळा होऊन बसतं आणि मग हलत नाही. धुऊन पूर्ण वाळवलेली मूठभर जाड वाळू सोबत टाकली की खडे सुटे राहतात. बरणी काचेचीच हवी. राळ आम्लधर्मी असल्याने लोखंडी डब्यात पॉलिश काळवंडतं. दोन-तीन दिवस अधूनमधून हलवायचं. घाई म्हणून शेगडीवर मुळीच ठेवू नये, स्पिरिटची वाफ भडकते. गाळ बसला की वरचं मलमलीतून गाळून घ्यायचं. नुसत्या कोपलचा थर ठिसूळ होतो, म्हणून मी चहाचा एक चमचा एरंडेल घालतो.

स्पिरिटमध्ये पाणी असलं तर सगळी मेहनत वाया. पावसाळ्यात स्पिरिट चांगलं असूनही पांढरट झाक येते, कारण ते उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला दमटपणा त्यावर धरतो. अशा दिवशी काम सरळ बंद ठेवावं. हात पातळ द्यायचे, आणि ओल्या थरावरून ब्रश परत फिरवायचा नाही, ओरखडे उठतात. फ्रेम, खेळणी, पेट्या यांना हे पॉलिश छान. जेवणाच्या टेबलाला नको. ओल्या भांड्याचे पांढरे डाग पडतात.