चमकणारा वर्म, नोंद ५: कीटोप्टेरस नाही, पॉलिसिरस!

खात्री पटली. माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत दिसणारा उजेड वर्मचा (समुद्री किड्याचा) स्वतःचाच आहे आणि तो फक्त स्पर्शिकांतून येतो. मागच्या नोंदीतला कीटोप्टेरसचा (चमकणाऱ्या दुसऱ्या एका वर्मचा) अंदाज रद्द: तो कागदासारख्या नळीत राहतो आणि चमकणारा चिकट स्राव पाण्यात सोडतो. इथे नळीही नाही, स्रावही नाही. लाइव्ह रॉकच्या (टाकीतल्या सजीवांनी भरलेल्या दगडाच्या) फटीतून केसासारख्या बारीक स्पर्शिका बाहेर आणि त्यांच्यावरून क्षणभर सरकणारा निळसर-जांभळा उजेड. इतर बहुतेक स्पघेटी वर्मना (लांब धाग्यांसारख्या स्पर्शिका असलेल्या वर्मना) डोक्यामागे लाल कल्ले असतात, याला नाहीत. म्हणून पॉलिसिरस.

इतके दिवस अडलं होतं ते अंधारापाशी. ४५० नॅनोमीटरच्या मूनलाइटखाली (टाकीच्या रात्रीच्या निळ्या दिव्याखाली) जे हिरवं चमकत होतं, ते निव्वळ फ्लुओरेसन्स, म्हणजे दिव्याचाच उजेड शोषून दुसऱ्या रंगात परत फेकणं. मूनलाइट बंद केल्यावरही उजेड शिरतच होता: हीटरचा इंडिकेटर, ऑटो टॉप-ऑफचा (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर, पॉवरहेडच्या (टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) कंट्रोलरवरचा निळा ठिपका. सगळ्यात छळलं ते रिफ्युजियमने (खालच्या कॅबिनेटमधल्या, शेवाळ वाढवायच्या कप्प्याने). तिथल्या कीटोमॉर्फा शेवाळाचा दिवा उलट्या वेळेला चालतो, म्हणजे नेमका रात्री, आणि त्याचा उजेड कॅबिनेटच्या मागच्या फटीतून वर येऊन मागच्या काचेवर पसरतो. निरीक्षणाच्या रात्री तो दोन तास बंद ठेवला तर शेवाळाचं काही बिघडत नाही. इंडिकेटरवर काळ्या इन्सुलेशन टेपचा एक थर पुरत नाही, निळा एलईडी आरपार दिसतो. दोन थर लावाच. अॅल्युमिनियम टेप उजेड उत्तम अडवते, पण खारं पाणी उडतं तिथे नको, गंजते.

त्यानंतर डोळ्यांना पूर्ण अंधारात २५ मिनिटं द्यायची. मध्ये एकदा पांढरा टॉर्च लागला की पुन्हा पहिल्यापासून. लाल टॉर्चही खऱ्या लाल एलईडीचाच हवा; पांढऱ्यावर लाल फिल्म लावलेले टॉर्च कुचकामी.

रिटर्न पंप (खालचं पाणी वर टाकीत आणणारा) आणि पॉवरहेड १० मिनिटं बंद, मग ३ मिलीच्या पिपेटने दोन सेंटीमीटरवरून टाकीच्याच पाण्याचा हलका फवारा. लगेच चमकतो. चार-पाच फवाऱ्यांनंतर मंदावतो, तासाभराने पूर्ववत.

फोटो अजून नाही. नाइट मोडचं लांब एक्स्पोजर क्षणभराची चमक धुऊन टाकतं. व्हिडिओच बरा: लाल उजेडात फोकस हाताने लावून लॉक, लेन्स एफ/१.८, शटर १/२५, आयएसओ १२८००. दाणे येतात, चालेल.

पुढचा बेत रॉक फोडून वर्म काढण्याचा होता. तो आता रद्द! काल फवाऱ्याने स्पर्शिकेचा एक तुकडा तुटला आणि वाळूवर पडूनही काही सेकंद चमकत राहिला, जेमतेम सेंटीमीटरभर, मधूनच वळणारा. म्हणजे पूर्ण वर्मची गरजच नाही. तुकडा पिपेटने ओढून काळ्या वाटीत घ्यायचा, वर मॅक्रो लेन्स. तिथे फवाऱ्याला दाद दिली नाही तर १०० मिली टाकीच्या पाण्यात दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळवून एक-दोन थेंब. ते पाणी परत टाकीत अजिबात ओतायचं नाही.