देणगीला हात सैल, शेअर म्हटलं की मूठ बंद

नोकरी सुटली की कॅलेंडर आपल्या ताब्यात येईल असं वाटलं होतं, पण कसलं काय. अर्धा आठवडा संस्थेत जातो, तिथे आम्ही आयटीआय झालेल्या पोरापोरींना शॉप फ्लोअरसाठी तयार करतो, आणि उरलेला भोसरी-चाकणच्या छोट्या कारखानदारांच्या मागे, की बाबांनो, पोरगं अमेरिकेत सेटल झालंय, धंदा बघायला कुणी नाही, तर मशीनरी भंगारात काढून शेड भाड्याने देण्याआधी एकदा कामगारांना तरी विचारा, कारखाना तुम्ही घेता का म्हणून. बायको म्हणते, पगार तेवढा बंद झालाय, मीटिंगा चालूच आहेत.

खरी गंमत अशी की दोन्ही कामांत माणसं तीच. संस्थेसाठी चेक मागायला ज्यांच्या केबिनमध्ये बसतो त्यांनाच पुढच्या भेटीत मालकीचं सांगायचं असतं. चेक पटकन मिळतो हो. यातल्या बहुतेकांचा नफा 5 कोटींच्या बराच खाली, म्हणजे सीएसआरची, नफ्यातला ठरावीक भाग समाजकार्यावर खर्च करण्याची, सक्तीही नाही, तरी 80जीची, म्हणजे करसवलतीची, पावती घेऊन मनापासून देतात. पण कामगारांना दहा टक्के हिस्सा द्या म्हटलं की एकदम, "साहेब, तुम्ही युनियनवाले कधीपासून झालात?" मी आयुष्यभर मॅनेजमेंटच्या बाजूने टेबलावर बसून वेज सेटलमेंट, म्हणजे युनियनशी पगाराचे करार, केलेला माणूस, मला हे ऐकून हसूच येतं.

कामगारही काही लगेच उडी मारत नाहीत, आणि मला त्यांचं पटतं. व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, त्याच्या एका ऑपरेटरला विचारलं, हा नुसत्या आवाजावरून टूल झिजलंय हे सांगतो, म्हटलं कंपनीत भागीदार व्हायला आवडेल का, तर म्हणाला, "ते ठीक आहे, पण पगार सात तारखेला होईल ना?" बरोबरच आहे त्याचं. नोकरी तिथेच, बचतही तिथेच, बुडाली तर दोन्ही जाणार. कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्सचं उदाहरण जुन्या लोकांना आठवत असेल, 1988 साली सुप्रीम कोर्टाच्या मंजुरीने कामगारांच्या सहकारी सोसायटीने बंद पडलेली कंपनी चालवायला घेतली, स्वतःच्या प्रॉव्हिडंट फंडातले पैसे घातले, काही वर्षं चांगली चाललीसुद्धा आणि मग पुन्हा अडचणीत आली. म्हणून मी फंडाला हात लावायचा नाही असं पहिल्या मीटिंगमध्येच सांगतो, मालकाचे पैसे पुढच्या नफ्यातून हप्त्याहप्त्याने फेडायचे. मालकाला अर्थातच हे आवडत नाही, त्याला एकरकमी हवे असतात.

आपल्याकडे हे चालत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. लिज्जतच्या बहिणी 1959 पासून मालकीण आहेतच, आणि पुण्यात रोज सकाळी दारात कचरा घ्यायला येणाऱ्या ताई ज्या 'स्वच्छ'च्या, ती त्यांचीच सहकारी संस्था आहे, हे माझ्या सोसायटीत निम्म्या लोकांना माहीत नाही! अडतं ते कायद्यात. ब्रिटनने 2014 साली मालकाने निम्म्याहून जास्त हिस्सा कामगारांच्या ट्रस्टला विकला तर कॅपिटल गेन टॅक्समध्ये सूट दिली, आपल्याकडे तशी सोय नाही, आणि इसॉप, म्हणजे कर्मचाऱ्यांना कंपनीचे शेअर देण्याची योजना, म्हटलं की डोळ्यासमोर आयटीवाले येतात, फिटर-टर्नर येत नाहीत.

कधीकधी वाटतं संस्था सोडून फक्त हेच करावं. पण संस्थेतून निघालेली पोरं याच कारखान्यांत लागतात, ते कारखानेच बंद पडले तर आम्ही पोरांना शिकवून पाठवायचं कुठे? म्हणून दोन्ही चालू आहे, ओढाताण होते, होऊ दे.

सध्या एक मालक अर्धेमुर्धे तयार आहेत. मी म्हटलं, शेअरचं नंतर बघू, आधी बॅलन्स शीट तर दाखवा, म्हणून सुपरवायझर आणि दोन सीनियर ऑपरेटरना बसवून आकडे समजावले. मला वाटलं घसारा, वर्किंग कॅपिटल, इथे गाडी अडेल. सुपरवायझरने शांतपणे खर्चाच्या यादीत बोट ठेवलं आणि विचारलं, "सर, कंपनीला इनोव्हा दोन कशाला?" मालक हसले, मीही हसलो. पुढच्या मीटिंगची तारीख अजून मिळालेली नाही.