फुल्ल

परवा दुपारी सांगलीत विश्रामबागेकडं पेट्रोल पंपावर रांगेत उभा होतो. पुढं एक आजोबा. धोतर, टोपी आणि खाली रंग उडालेली लुना. नळी धरलेल्या पोराला ऐटीत म्हणाले, "फुल कर."

रांगेतल्या दोघांनी मोबाईलमधून मान वर काढली. आमच्याकडं पंपावर शंभरचं टाका, दोनशेचं टाका, असंच मागायचं असतं. फुल करा म्हणणारा एक तर लांब निघालेला असतो, नाही तर त्याच्या उसाचं बिल जमा झालेलं असतं. मला अशी माणसं आवडतात. माझ्या वडिलांच्या तोंडून हा शब्द पंपावर कधी आला नाही. त्यांची स्कूटर आयुष्यभर रिझर्व्हवरच फिरली.

लुनाची टाकी ती केवढी! खट्कन नळी बंद पडली. पोरानं आकडा बघितला आणि विचारलं, "राउंड करू का?" आजोबा म्हणाले, "कर की." मग फुल झालेल्या टाकीत आणखी पेट्रोल गेलं. चार थेंब टाकीवरनं ओघळले, ते आजोबांनी धोतराच्या सोग्यानं पुसले.

आमच्या भागातलं फुल हे असं असतं. दोन ल लावून, फुल्ल. ते झाल्यावर पुढं थोडं उरतंच. सांगली स्टँडवर तासगावची गाडी घ्या. कंडक्टर दारात आडवा हात धरून सांगतो, "फुल्ल हाय, मागनं मोकळी येतीया." ती मोकळी गाडी आजवर कुणाला दिसलेली नाही, ते सोडा. ही फुल्ल गाडी माधवनगरला थांबते, चार माणसं घेते. बुधगावला एक म्हातारी आणि तिचं गाठोडं घेते. कवलापूरला तर शाळेची पोरं सुटलेली असतात. प्रत्येक ठिकाणी तोच कंडक्टर "आत सरका, आत लई जागा हाय" म्हणून ओरडतो आणि आतले लोक सरकतात. कुठं सरकतात, देव जाणे.

या तासगावच्या रस्त्यावरच माझा एकदा भयंकर अपमान झाला होता.

आमच्या शाळेत सातवीपर्यंत हाफ चड्डी आणि आठवीपासून फुल पँट. आठवीची सगळी वाट त्या पँटसाठीच बघितलेली. गावभागातल्या एका शिंप्यानं माप घेतलं. आईनं बजावलं, "वाढतं अंग आहे, खाली माया ठेवा." त्यानं इतकी माया ठेवली की दुमड जवळजवळ गुडघ्यापर्यंत आली. कापड खाकी आणि खरबरीत, चालताना दोन्ही पाय एकमेकांशी घासून आवाज यायचा. तो आवाज ऐकायला मी विनाकारण गल्लीतून फेऱ्या मारायचो. आता मोठा झालो, हे गल्लीला कळायला नको?

दिवाळीच्या सुट्टीत मामाकडं विट्याला निघालो. मी पँट चढवली. आई म्हणाली, "काढ ती. चड्डी घाल."

मला वाटलं, मळेल म्हणून म्हणतेय. कारण वेगळं होतं. एसटीत बाराच्या आत हाफ तिकीट आणि मला तेरावं लागलेलं. फुल पँटीतलं पोरगं हाफ तिकिटात बसवायचं म्हणजे कंडक्टरशी भांडण. मी रडलो, पाय आपटले, शेवटी चड्डी घातली. गाडीत कंडक्टरनं मला खालनं वर न्याहाळलं.

"ताई, पोराला मिसरूड फुटलंय की ओ."

"घाम आलाय त्याला," आई म्हणाली. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

कंडक्टर हसला आणि त्यानं हाफ फाडलं. शेजारच्या बाकावर माझ्याएवढीच एक मुलगी होती, तीपण हसली. ते हसू विट्यापर्यंत माझ्या कानात होतं. पिशवीच्या तळाशी पँट घडी घालून ठेवलेली, ती मी मामाच्या दारात, चिंचेच्या झाडामागं चढवली आणि मगच आत गेलो.

तीच आई आता पंच्याहत्तरीच्या पुढं गेलीय. 2022 च्या ऑगस्टपासून या वयाच्या माणसांना एसटीत फुकट प्रवास आहे, शून्य रुपयाचं तिकीट मिळतं. कंडक्टरनं मागायच्या आधीच ती आधारकार्ड काढून धरते. वय चोरण्यात सगळी हयात गेली, आता ते दाखवायची हौस फिटत नाही. पुढं 17 मार्च 2023 पासून बायकांनाही निम्मं तिकीट झालं. त्यामुळं आम्ही सहकुटुंब निघालो की आई शून्य, बायको अर्धी, पोरगी अर्धी. घरात फुल मी एकटाच. एरवी हा मान मला कुणी देत नाही.

बाकी फुल्ल कुठं कुठं लावतात त्याला धरबंध नाही. मिरवणुकीत आवाज फुल्ल, लग्नात राडा फुल्ल, आणि रात्री उशिरा कोपऱ्यावर तोल सावरत उभा असलेला तो फुल्ल टाइट. पंगतीत "पोट फुल्ल झालं" म्हणत पानावर हात आडवा धरणाऱ्याच्या बोटांच्या फटीतून वाढपी जिलेबी सोडतो आणि तो ती खातो.

शब्दाला जागणारं मला एकच ठिकाण माहीत आहे, ते वर सातारा जिल्ह्यात. कोयना धरण. 105.25 टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट पाणी. दशांशापुढचे दोन आकडेसुद्धा पेपरात रोज नीट छापून येतात. तिथं "आत सरका" चालत नाही. पाणी वाढत गेलं की सहा वक्र दरवाजे उचलतात आणि ते कृष्णेला मिळून आमच्याकडं निघतं. जुलैत धरण भरत आलं की सुरुवातीला आम्हीच खूश असतो, उन्हाळ्याची काळजी मिटली म्हणून. मग पाऊस थांबत नाही आणि चहाच्या गाड्यावर प्रश्न बदलतो: आयर्विनला किती? म्हणजे सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर. 40 फुटाला इशारा, 45 ला धोका. हे दोन आकडे सांगलीत पोरांना पाढ्यांच्या आधी येतात.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी 57 फुटांवर गेलं. 8 तारखेला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी नाव उलटली. बायका होत्या, लहान लेकरं होती. नावेत मावतील त्यापेक्षा जास्त माणसं बसली होती, असं नंतर छापून आलं. बसली असणार. घरात पाणी शिरलेलं, कडेवर पोर, आणि समोर एकच नाव. तिथं हात आडवा धरून कुणी म्हणायचं, की फुल्ल हाय? मागनं मोकळी येतीया म्हणायला मागनं काही येत तरी पाहिजे होतं.